सेल्फ घेते, पण चालू होत नाही: जुन्या गाडीतला दोष क्रमाने कसा शोधायचा

बाबांची १९९७ची मारुती ८०० अजून आमच्या घरी आहे. इंदूरला, लोकमान्य नगरात, फाटकाच्या आत उभी असते. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्रभर झड लागली होती. सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी नुसती सेल्फ घेत राहिली. मिस्त्री आला, त्याने पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्या दिवशी कॉइल (बॅटरीचा करंट ठिणगीइतका वाढवणारा भाग) बदलली, तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून धुतला. गाडी तशीच. चौथ्या दिवशी मी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, टोपी काढून मोबाइलच्या उजेडात आतून पाहिली. दोन पितळी खुंट्यांच्या मधे, शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. टोपीला तडा गेला होता, दमटपणा त्यात शिरला होता आणि सगळा करंट त्या रेघेतून भलतीकडे पळत होता. नवी टोपी बसवली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

मिस्त्री मनाने चांगला होता, कष्टही केले त्याने. पण तपास न करता तो सुटे भाग बदलत गेला. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो आणि ओळखीत कुणाची जुनी गाडी अडली की तोच सांगतो. खाली तोच लिहिला आहे. यातलं बरंचसं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे, कारण सर्वांत जास्त हाल त्यांचे होतात. एमपीएफआय गाड्यांचं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांचं, पुढे वेगळं सांगितलं आहे.

हात लावण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि हँडब्रेक ओढा. बॉनेटखाली हात घालून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं असतं, आणि गाडी गिअरमध्ये राहिली तर ती सेल्फवरच पुढे उडी घेते. ओढणी, मफलर, सैल बाही पट्ट्यांपासून लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा. करंटची तपासणी आणि सांडलेलं पेट्रोल एका जागी कधीही नको. जवळ कुणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर त्याला सरळ बाजूला व्हायला सांगा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मधे निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. गाडी अडली की माणूस चिडून चावी धरूनच ठेवतो. त्याने सेल्फची मोटर तापते, बॅटरी बसते आणि एका दोषाचे तीन होतात.

पहिली दोन मिनिटं: साध्या गोष्टी

पेट्रोल आहे का? जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. टाकीतला फ्लोट अडकला की टाकी कोरडी असूनही काटा पाव टाकीवर उभा असतो. शंका असेल तर दोन-तीन लिटर पेट्रोल ओता आणि मग पुढचा विचार करा.

सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल तर डॅशबोर्डवरचा बदलता खटका पाहा. कार्बोरेटरच्या गाडीत त्याला बहुतेक तीन जागा असतात: गॅस, पेट्रोल आणि मधली. मधल्या जागी दोन्ही इंधनं बंद असतात. साफसफाई करताना किंवा मुलांच्या हातून खटका मधे आला की गाडी दिवसभर सेल्फ घेईल आणि चालू होणार नाही. याच किटचा एक मोठा उपयोगही आहे. पेट्रोलवर चालू न होणारी गाडी गॅसवर लगेच चालू झाली, तर करंट ठीक, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेवर. अर्धा तपास तिथेच संपला.

मग फ्यूज. इग्निशनचा फ्यूज काढून तार तुटली आहे का पाहा. तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, जास्तीचा नको. बाहेरून बसवलेला चोरीचा अलार्म असेल तर त्याच्याकडेही संशयाने बघा, कारण त्याची रिले (विजेवर चालणारा खटका) पुष्कळदा इग्निशनचीच वायर तोडून बसवलेली असते.

सेल्फचा आवाज ऐका

ही पायरी लोक गाळतात आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. काहीही न उघडता गाडी इथे बरंच सांगून जाते.

सेल्फ जड, रडत-रडत फिरत असेल तर बॅटरी कमजोर आहे. "सेल्फ घेते म्हणजे बॅटरी चांगली" ही समजूत चुकीची. कमजोर बॅटरीत जेवढा जीव उरलेला असतो तेवढा सेल्फच खाऊन टाकतो आणि कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना ९.६च्या खाली उतरू नये. खाली जात असेल तर आधी टर्मिनल काढा, गरम पाण्याने पांढरा-हिरवा थर धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा. इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही तशीच घासा. तेवढ्याने कित्येक गाड्या उठतात. अशी गाडी धक्का दिला की लगेच चालू होते, हीदेखील तिची खूण.

सेल्फ नेहमीसारखा फिरतो, आवाजात ठेका आहे, पण इंजिन पेट घेत नाही: हा सर्वसाधारण प्रकार. पुढच्या पायऱ्या याच्यासाठी.

सेल्फ हलका, भरभर, एकसुरी फिरतो, मधला दाबाचा ठेका गायब: टायमिंग बेल्ट तुटला असण्याची दाट शक्यता. इथे सेल्फ मारणं तत्काळ थांबवा. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आपटतो आणि दर सेल्फला नुकसान वाढतं. खात्री करायची सोपी युक्ती ८००मध्ये आहे. डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला कॅमशाफ्टवर, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो. त्याची टोपी काढा आणि एखाद सेकंद सेल्फ मारायला सांगा. आतला फिरता भाग, रोटर, जागचा हलला नाही तर कॅमशाफ्ट फिरत नाही, म्हणजे बेल्ट गेला. गाडी टोचन करून न्यावी लागेल.

एक चौथा प्रकार आहे. सेल्फ चालू असेपर्यंत काही नाही, आणि चावी सोडता क्षणी इंजिन एक उचकी देतं. तसं झालं तर सेल्फच्या वेळी इग्निशनला करंट जातच नाही. चावीचा स्विच झिजला आहे. उलट, सेल्फ मारताना पेट घेते आणि चावी सोडली की मरते, तर चावीची 'ऑन'ची जागा किंवा काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर असणारा रेझिस्टर पाहावा.

करंट आहे का

पेट्रोलच्या आधी करंट, असा माझा ठाम क्रम आहे. ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि पावसाळ्यात तर दोष बहुतेक इथेच सापडतो.

आधी प्लगच्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं आहे आणि करंटचा क्रम १-३-२ आहे. वायरी अदलाबदल झाल्या की नसलेला दोष तयार होतो. मग प्लगपान्याने एक प्लग काढा. काढण्याआधी खाचेतली माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

प्लगचं टोक नीट पाहा. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाहीये. अगदी कोरडं असेल तर बहुधा पेट्रोलच पोचत नाही. काजळीने काळंकुट्ट असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, चोक (गार इंजिनसाठी हवा कमी करणारी झडप) अडकला असेल.

आता तो प्लग पुसून त्याच्या वायरीत खोचा. लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हाताने धरू नका. रबरी मुठीच्या पक्कडीने धरा किंवा जंपर वायरीने बांधा. हजारो व्होल्टचा दाब असतो आणि झटका जोराचा बसतो. सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळसर, कडक, चट्‌चट्‌ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, केशरी, मरगळलेली ठिणगी नसल्यासारखीच धरा.

ठिणगी नाही? मग मागे-मागे जात राहा. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणारी जाड वायर काढून तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा आणि तीच चाचणी करा. इथे ठिणगी चांगली आली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दोष टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. इथेही नाही आली तर कॉइल, किंवा कॉइलचा करंट चालू-बंद करणारे पॉइंट (काही गाड्यांत त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल).

टोपी आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसा. पाणी असेल तर केस वाळवायच्या मशीनने वाळवा. मग उजेडात तिरकी धरून ती काळी रेघ शोधा; ती सरळ समोरून दिसत नाही, कडेने उजेड पडला की दिसते. मधला कोळशाचा छोटा ठिपका स्प्रिंगवर दाबला जातो का पाहा. तो झिजून आत गेला की करंट रोटरपर्यंत पोचत नाही. रोटरच्या पितळी पट्टीवर पांढरी राख असेल तर खरवडा. वायरी कुठे कुरतडल्या आहेत का हेही पाहा. उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते आणि आमच्या भागात निम्म्या बंद गाड्यांचं कारण तेच निघतं. सगळं बरं दिसतंय आणि तरी शंका आहे, तर रात्री दिवे घालवून सेल्फ मारा. गळणारा करंट वायरीवरून निळा नाचताना डोळ्यांना दिसतो.

जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतील तर ते उघडल्यावर मधलं अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवं. फीलर गेज लावा, अंदाजाने करू नका. पॉइंटच्या तोंडावर खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने तात्पुरतं चालेल. नवे पॉइंट आठवडाभरात पुन्हा जळले तर दोष पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरचा समजा आणि दोन्ही एकत्र बदला. प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

कॉइलबद्दल एक खूण लक्षात ठेवा. गार असताना गाडी छान, सिमरोळच्या घाटात तापली की बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू: तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा मोड्यूल असंच वागतं. गाडी बंद पडल्या-पडल्या ठिणगी तपासली तरच हा चोर हाती लागतो.

पेट्रोल पोचतंय का

ठिणगी कडक आहे आणि प्लग कोरडा आहे, तेव्हा इकडे वळा.

सर्वांत सोपी चाचणी बिनखर्चाची आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठणारा भाग) पेट्रोल आहे. नाही उडाली तर वाटी कोरडी असावी.

मग कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून त्याचं तोंड स्वच्छ बाटलीत सोडा, कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगीच पडणार नाही, आणि सेल्फ मारा. ८००च्या कार्बोरेटर मॉडेलमध्ये पंप कॅमशाफ्टवर चालणारा असतो, तो ठोक्याठोक्याने पेट्रोल फेकतो. बाटलीत नीट पिचकाऱ्या येतात आणि वाटी मात्र कोरडी, तर वाटीत पेट्रोल आत सोडणारी फ्लोटची नीडल अडकली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके दोन-तीन ठोके द्या, पुष्कळदा सुटते. बाटलीत काहीच येत नसेल तर पंपाला दोष देण्याआधी त्याच्या मागचं पाहा: फिल्टर तुंबला आहे का, आणि रबरी पाइपला चीर आहे का. चिरेतून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून ती सहज सापडत नाही. पाइप वाकवून पाहा, भेगा उघडतात.

पाइपांवर मी सध्या जास्त भर देतो, त्याला कारण आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्या हिशेबाने बनलेले नाहीत. ते कडक होतात किंवा फुगतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत ते पाणी तळाशी जमतं आणि टाकीतून आधी तेच उचललं जातं. बाटलीत घेतलेलं पेट्रोल पाच मिनिटं स्थिर ठेवून तळाशी वेगळा थर दिसतो का पाहा. दिसला तर टाकी उपसून धुवावीच लागेल. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे फार होतं, कारण पेट्रोल वर्षभर तसंच पडून राहतं.

मे महिन्यात, पारा ४०च्या वर असताना, गाडी बाजारात दहा मिनिटं थांबवली आणि नंतर उठेना, तर पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ झाली असेल. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, बॉनेट उघडं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. काहीही खोलायचं नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गोष्ट उलटी असते. चोक पूर्ण ओढा आणि कार्बोरेटरवरची झडप खरंच मिटते का ते डोळ्यांनी पाहा. केबल तुटली की खुंटी बाहेर येते पण झडप जागची हलत नाही.

आणि ओव्हरफ्लो झाली असेल तर? प्लग ओले, पेट्रोलचा वास सुटलेला. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. हवा आत जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. नाही झाली तर प्लग काढून वाळवा आणि वीस मिनिटं गाडीला तशीच सोडा.

दाब आणि धुराडं

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी नाही. मग सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून सेल्फ मारायला सांगा. फुर्र-फुर्र अशी हवा यायला हवी. येत नसेल तर वाट बंद आहे. त्यानंतर सगळे प्लग काढा, कॉइलची वायर काढलेली असू द्या, आणि एका भोकावर अंगठा घट्ट दाबा. सेल्फ मारल्यावर दाबाने अंगठा उडाला पाहिजे. तिन्ही भोकांवर सारखा उडतो का पाहा. नुसती फुंकर लागत असेल तर कंप्रेशन गेज लावून मोजून घ्या. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा: वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. वारंवार ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनातही दाब पडतो, कारण पेट्रोल भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं. तिथे तो चमचाभर ऑइलच औषध ठरतं.

कार्बोरेटरमधून फटाका फुटत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल होऊन तो फिरला आहे का, किंवा वायरींचा क्रम चुकला आहे का, ते पाहा.

एमपीएफआय गाडी असेल तर

चोक नाही, कार्बोरेटर नाही, म्हणून तपास वेगळा. चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. आवाज नाही तर पंपाचा फ्यूज, मग रिले. हॉर्नची रिले पुष्कळदा तशीच असते. अदलाबदल करून पाहा. तरी नाही तर एकाने टाकीवर खालून रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. झिजलेला पंप एकदा तरी उठतो, घरी पोचवतो, आणि लगेच बदलायचा असतो.

चावी 'ऑन'वर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वीजच नाही. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखली नाही. दुसरी चावी आणा. आणि आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना त्याच्याकडे पाहा. तो शून्यावर गोठून राहिला तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) किंवा त्याची वायर, हा पहिला संशय. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, ही तक्रार या सेन्सरची ठरलेलीच. इथून पुढे स्कॅनर लावणाऱ्याकडेच न्यावं. अंदाजाने सेन्सर बदलणं फार महाग पडतं.

मिस्त्रीला काय सांगाल

"गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "ठिणगी निळी येते, प्लग कोरडा आहे, बाटलीत पेट्रोल येत नाही" असं सांगा. काम कमी होतं, बिलही कमी येतं. बदललेले जुने भाग मागून घ्या आणि डिक्कीत ठेवा. आमची जुनी कॉइल अजून जादा म्हणून जपून ठेवली आहे, कारण ती कधी बिघडलीच नव्हती.

गाडी चालू झाल्यावर लगेच बॉनेट लावू नका. दहा मिनिटं चालू ठेवा. बॅटरीवर मीटर लावा; १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. मग ज्या-ज्या पाइपाला हात लावला त्याच्या क्लिपखाली बोट फिरवा. बोट ओलं झालं तर इंजिन बंद करा, क्लिप आवळा, आणि पुन्हा पाहा.